मध्ययुग ते आधुनिक काळ : आफ्रिकेच्या राजकीय इतिहासाचा अभ्यास आणि नाशिकचे शरणपूर

प्रस्तावना

एखाद्या खंडाचा मध्ययुगापासून आधुनिक काळापर्यंतचा राजकीय इतिहास पदवीच्या वर्गात शिकवावयाचा असता प्रारंभ कोठून करावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. युरोपच्या बाबतीत सरंजामशाही, प्रबोधन, राष्ट्रराज्यांचा उदय हे टप्पे रूढ झाले आहेत. आफ्रिकेच्या बाबतीत मात्र आपण बहुधा १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेपासूनच प्रारंभ करतो. परिणामी, ज्याला स्वतःचे राजकारणच नव्हते असा एक खंड विद्यार्थ्याच्या मनात उभा राहतो. युरोपीय सत्तांनी नकाशावर रेघा ओढल्या आणि मग त्याचा इतिहास सुरू झाला, अशी त्याची समजूत होते. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे याच पद्धतीने शिकविले, हे येथे मान्य केले पाहिजे. या पद्धतीतील उणीव ध्यानात आली ती आपल्याच शहरातील शरणपूरमुळे. शरणपूर रोडवरून आपण रोज ये-जा करतो; परंतु या वसाहतीचा संबंध न्यासा सरोवराच्या काठच्या राजकारणाशी होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते.

किनारा आणि अंतर्भाग

महाराष्ट्राला आफ्रिका अपरिचित नव्हती. ‘हबशी’ हा शब्द ‘हबश’ म्हणजे अबिसीनिया यावरून आला आणि जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हटले जाई. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मला. १५२९ ते १५४३ या काळात इथिओपियाचे ख्रिस्ती साम्राज्य आणि अदलची सल्तनत यांच्यात झालेल्या प्रदीर्घ युद्धाने तो प्रदेश तेव्हा खिळखिळा झालेला होता. मलिक अंबरची राज्यव्यवस्था आपण तपशिलाने शिकवतो. तो ज्या मुलखातून आला तेथील राज्यव्यवस्थेविषयी मात्र एक वाक्यही उच्चारत नाही.

पूर्व किनाऱ्यावर किल्वा, मोंबासा, मालिंदी ही स्वाहिली नगरराज्ये मध्ययुगात भरभराटीस आली होती. किल्व्याच्या सुलतानांनी स्वतःची तांब्याची नाणी पाडली होती. १३३१ मध्ये इब्न बतूता तेथे जाऊन आला. १४९८ मध्ये वास्को द गामा या किनाऱ्यावर आला आणि १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्वा लुटले. १५९३ मध्ये त्यांनी मोंबाशाला फोर्ट जीझस बांधावयास घेतला. हा किल्ला १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी जिंकला. सुमारे १८४० मध्ये ओमानचा सुलतान सय्यद सईद याने राजधानीच झांझिबारला हलविली. येथे आधुनिक काळ नेमका केव्हा सुरू झाला? १४९८ हे उत्तर दिल्यास आपण युरोपचे कालमापन उसने घेतो. या किनाऱ्याच्या अंतर्गत जीवनात मोठा बदल झाला तो झांझिबारच्या लवंगांच्या मळ्यांमुळे, असे लेखकाचे मत आहे. मळ्यांना मजूर हवे होते आणि ते गुलामांच्या रूपाने अंतर्भागातून येत.

अंतर्भागातही राजकारण स्थिर नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील सत्तासंघर्षातून उत्तरेकडे सरकलेल्या न्गोनी टोळ्यांनी १८३५ मध्ये झांबेझी नदी ओलांडली. न्यासा सरोवराच्या परिसरातील याओ व्यापारी हस्तिदंताबरोबर माणसांचाही व्यापार करीत. युद्धात पकडलेली, कर्जापायी वा दुष्काळात विकलेली माणसे किल्व्याच्या बंदरात पोहोचत. या व्यापाराला लागणारे भांडवल बव्हंशी कच्छी व गुजराती पेढ्यांचे होते. झांझिबारची जकात दीर्घकाळ जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होती. ही बाब सांगताना आपण अडखळतो. पण ती सांगितलीच पाहिजे.

शरणपूर

१८४५ च्या करारान्वये सुलतानाच्या आफ्रिकी मुलखातून अरबस्तानात होणारी गुलामांची निर्यात निषिद्ध झाली आणि ब्रिटिश आरमाराला गुलामवाहू गलबते पकडण्याचा अधिकार मिळाला. सुटका झालेल्या मुलांपैकी अनेकांना मुंबईस उतरविण्यात येई. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूरची वसाहत स्थापन केली होती. तेथे या आफ्रिकी मुलांसाठी आश्रयगृह व शाळा सुरू झाली. सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी हे तेथील शिक्षण. ही मंडळी पुढे ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ किंवा ‘नासिक बॉइज’ या नावांनी ओळखली गेली.

डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८६५ मध्ये येथील नऊ जणांना बरोबर घेतले व जानेवारी १८६६ मध्ये मुंबई सोडली. १८७२ मध्ये त्यांच्या शोधासाठी आणखी काही जण गेले; त्यांत जेकब वेनराईट, कारस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन हे होते. १८७३ मध्ये चितांबोच्या गावी (आजचा झांबिया) लिव्हिंगस्टन यांचा मृत्यू झाला, तेव्हा वेनराईटने प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. ती तारीख ४ मे अशी वाचली गेली; प्रचलित ग्रंथांत १ मे आहे. साथीदारांनी शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेले, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीत शवपेटी धरणाऱ्यांत वेनराईट होता.

साधनांच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या दैनंदिनीचे संपादन करताना होरेस वॉलर यांनी मुख्यतः सुसी व चुमा या दोघांच्या तोंडी निवेदनाचा आधार घेतला. वेनराईटने मात्र स्वतःच्या हाताने दैनंदिनी लिहिली होती. तिचा जर्मन अनुवाद १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ हस्तलिखिताचा मजकूर अभ्यासकांना ऑनलाइन उपलब्ध झाला तो २०१९ मध्ये. म्हणजे आफ्रिकेच्या अंतर्भागाचे एका आफ्रिकी व्यक्तीने केलेले, नाशिकच्या शाळेत घडलेल्या अक्षरांतले हे वर्णन बहुतेक अभ्यासकांच्या सहज आवाक्याबाहेर जवळजवळ दीड शतक राहिले. तरीही ते निर्दोष साधन नव्हे. लेखकाची भाषा मिशनची आहे. नावही मिशनने दिलेले. आईबापांनी ठेवलेले त्याचे याओ नाव या नोंदींतून पुसले गेले आहे.

परतीचा प्रवास आणि राजकारण

सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर ५ जून १८७३ रोजी सुलतान बर्घशने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या करारावर सही केली. फ्रिअर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. शरणपूरचा नमुना त्यांच्यासमोर होता. १८७५ मध्ये प्राइस यांनीच मोंबाशासमोर फ्रिअर टाउन वसविले आणि नाशिकची बरीच मंडळी तेथे गेली. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे त्याआधीच, १८६४ मध्ये, जवळच्या रबाई येथे पोहोचले होते.

यापुढचा भाग धर्मप्रसाराच्या इतिहासात ढकलून दिला जातो; तो वस्तुतः राजकीय आहे. बिशप हॅनिंग्टन १८८५ मध्ये पूर्वेकडील वाटेने बुगांडाकडे निघाले, तेव्हा जोन्स त्यांच्यासोबत होता. किनाऱ्यावर जर्मनांनी मुलूख बळकावल्याची वार्ता राजा म्वांगाच्या कानी आली होती आणि पूर्वेकडून येणारे राज्य बुडवतील अशी बुगांडात धारणा होती. हॅनिंग्टन यांचा वध झाला; परतीच्या तांड्याचे नेतृत्व जोन्सने केले. म्वांगाला केवळ क्रूर म्हणून सोडून देणाऱ्या पुस्तकाने त्याच्यापुढील हा राजकीय पेच विचारात घेतलेला नसतो. रबाईतही जोन्सच्या आश्रयाला आलेल्या पळून आलेल्या गुलामांवरून किनाऱ्यावरील मालकांशी संघर्ष पेटला. अखेर ब्रिटिश कंपनीने मालकांना भरपाई दिली, तेव्हा तो शमला. बर्लिनमध्ये ठरलेले नियम प्रत्यक्षात कसे उतरले, हे समजावून देण्यास रबाईइतके उत्तम उदाहरण लेखकास आढळलेले नाही.

१८८६ च्या इंग्रज-जर्मन करारात किनाऱ्याची दहा मैल रुंदीची पट्टी सुलतानाची म्हणून मान्य झाली होती. १८९५ मध्ये पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश संरक्षित राज्य आले, कारभार ब्रिटिशांचा झाला; परंतु कायद्याने ही पट्टी झांझिबारच्या सुलतानाचीच राहिली. शरणपूरहून परतलेल्यांची फ्रिअर टाउनमधील घरे याच पट्टीत होती. पहिल्या पिढीतील मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबाशात वारला. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला, त्याच वेळी ही पट्टी त्यात विलीन झाली.