इस्लामी धर्मग्रंथांच्या अर्थनिर्णयाचा अधिकार

कुराण आणि हदीस यांचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला आहे, हा आधुनिक मुस्लिम समाजातील एक प्रमुख वादविषय आहे. इस्लामी परंपरेत या कार्यासाठी विशिष्ट विद्याभ्यास आवश्यक मानला जातो. तथापि, सुन्नी पंथात दीक्षा देऊन पुरोहित नेमणारी मध्यवर्ती संस्था नाही. त्यामुळे अर्थकर्त्याची पात्रता मुख्यतः त्याच्या विद्वत्तेवर आणि इतर विद्वानांनी दिलेल्या मान्यतेवर अवलंबून असते. असा अभ्यास नसताना केलेल्या अर्थनिर्णयाचे परिणाम स्त्रियांचे हक्क, कौटुंबिक कायदा आणि राजकीय हिंसाचार या क्षेत्रांत दिसून आले आहेत.

पारंपरिक पात्रता

कुराणाच्या भाष्याला 'तफसीर' आणि भाष्यकाराला 'मुफस्सिर' म्हणतात. इजिप्तमधील विद्वान जलालुद्दीन सुयुती (मृत्यू १५०५) यांनी भाष्यकारासाठी १५ विद्या सांगितल्या आहेत. अरबी व्याकरण व अलंकारशास्त्र, आयती अवतरित होण्याचे प्रसंग, कोणत्या आयतीने पूर्वीचा आदेश रद्द केला याचे ज्ञान, हदीस आणि धर्मशास्त्राची मूलतत्त्वे यांचा त्यांत समावेश होतो. भारतीय उपखंडातील बहुसंख्य सुन्नी मदरशांत अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महल येथे रूढ झालेला 'दर्स-ए-निजामी' हा अभ्यासक्रम आजही काही बदलांसह शिकवला जातो. फतवा देणाऱ्या मुफ्तीसाठी त्यापुढे स्वतंत्र प्रशिक्षण असते.

आधुनिक काळातील बदल

छापखाना, प्रादेशिक भाषांतील अनुवाद आणि सार्वत्रिक शिक्षण यांमुळे एकोणिसाव्या शतकापासून धर्मग्रंथ सामान्य वाचकाच्या हाती आले. पुढे ध्वनिफिती, उपग्रह वाहिन्या आणि समाजमाध्यमे यांनी हा बदल अधिक वेगवान केला. त्यामुळे ग्रंथ वाचणे आणि ग्रंथावरून धार्मिक आदेश काढणे यांतील सीमारेषा पुसट झाली. संदर्भापासून तोडलेल्या आयतींच्या आधारे हिंसेचे समर्थन होऊ लागल्यावर २००५ मध्ये जॉर्डनमधील अम्मान येथे विविध पंथांच्या विद्वानांनी फतवा देण्यासाठी आवश्यक अटींचा पुनरुच्चार केला. सप्टेंबर २०१४ मध्ये शंभराहून अधिक विद्वानांनी 'इस्लामिक स्टेट'चा नेता अबू बक्र अल-बगदादी याला खुले पत्र लिहिले. आवश्यक विद्याभ्यासाविना फतवा देणे निषिद्ध असल्याचे त्यात आरंभीच नमूद केले होते.

महाराष्ट्रातील अर्थकर्ते

मदरशाच्या चौकटीबाहेरील तीन प्रभावी अर्थकर्त्यांचा महाराष्ट्राशी संबंध आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९०३ मध्ये जन्मलेले अबुल आला मौदूदी हे पत्रकार होते. त्यांनी दिल्लीत काही धार्मिक विषयांचा अभ्यास केला होता, मात्र त्यांची ओळख पारंपरिक उलेमा म्हणून नव्हती. १९४२ ते १९७२ या काळात त्यांनी लिहिलेले 'तफहीमुल कुराण' हे उर्दू भाष्य अतिशय लोकप्रिय ठरले. देवबंदच्या अनेक उलेमांनी मात्र त्यांच्या अर्थनिर्णयावर टीका केली.

स्थापत्य अभियंता असलेले असगर अली इंजिनियर (१९३९–२०१३) यांनी मुंबई महानगरपालिकेत नोकरी केली होती. धार्मिक शिक्षण त्यांना बोहरा धर्मगुरू असलेल्या वडिलांकडून मिळाले. कुराणातील शाश्वत मूल्ये आणि तत्कालीन परिस्थितीनुसार आलेल्या तरतुदी यांत फरक करून त्यांनी स्त्रियांच्या समान हक्कांची मांडणी केली.

मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले झाकिर नाईक यांनी १९९१ मध्ये 'इस्लामिक रिसर्च फाउंडेशन' स्थापन केले. आयतींचे क्रमांक तोंडपाठ सांगणारी त्यांची व्याख्याने दूरचित्रवाणीवरून दूरवर पोहोचली. देवबंदी आणि बरेलवी या दोन्ही परंपरांतील उलेमांनी त्यांच्या मतांवर आक्षेप घेतले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१६ मध्ये या संस्थेवर बंदी घातली.

तिघांच्याही विरोधकांनी अधिकाराचा प्रश्न उपस्थित केला. परंतु तिघांचे निष्कर्ष परस्परांहून अत्यंत भिन्न होते.

हाजी अली दर्गा प्रकरण

अर्थनिर्णयाचा प्रश्न व्यक्तींप्रमाणे संस्थांबाबतही उद्भवतो. मुंबईतील वरळी येथील हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात २०११-१२ पर्यंत स्त्रियांना प्रवेश होता. त्यानंतर विश्वस्त मंडळाने तो बंद केला. आपल्याला पूर्वी शरियतमधील तरतुदींची माहिती नव्हती व आता चूक दुरुस्त केली आहे, असे एक कारण मंडळाने दिले. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रियांनी जाणे हे इस्लामनुसार पाप आहे, असे सांगत मंडळाने कुराण व हदीसमधील वचने सादर केली. न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल दिला. सादर केलेल्या वचनांवरून अशी मनाई सिद्ध होत नाही आणि ती धर्माचा अत्यावश्यक भाग ठरत नाही, असे सांगून खंडपीठाने ही बंदी राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १५ व २५ शी विसंगत ठरवली. सर्वोच्च न्यायालयात मंडळाने प्रवेश देण्याची तयारी दर्शवली आणि २९ नोव्हेंबर २०१६ रोजी स्त्रियांनी गाभाऱ्यात पुन्हा प्रवेश केला.

न्यायालयांची भूमिका

न्यायाधीशांनी कुराणाचा अर्थ लावावा काय, हाही वादाचा मुद्दा आहे. प्राचीन व अधिकारी भाष्यकारांच्या स्पष्ट मताविरुद्ध न्यायालयांनी स्वतःचा अर्थ लावू नये, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९७ मध्ये म्हटले होते. दुसरीकडे, फतव्याला कायदेशीर बंधनकारकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विश्व लोचन मदन प्रकरणात ७ जुलै २०१४ रोजी स्पष्ट केले.

मतभेद

पारंपरिक उलेमांच्या मते अभ्यासाची अट सैल केल्यास प्रत्येक जण सोयीचा अर्थ काढेल. सुधारणावाद्यांच्या मते ही अट काटेकोर ठेवल्यास अर्थनिर्णय प्रामुख्याने पुरुष असलेल्या एका वर्गाच्या हाती राहतो. वचनाचा पूर्वापार संदर्भ पाहिल्याशिवाय त्यावरून आदेश काढू नये, हे तत्त्व मात्र दोन्ही बाजूंच्या मांडणीत आढळते.

हेही पहा

तफसीर
इज्तिहाद
फतवा
उलेमा