बटणांचा बेंजो

पनवेलच्या आसपासच्या आगरी गावात हळदीच्या संध्याकाळी शिरलात तर लग्नघर विचारावं लागत नाही. आधी ढोल छातीत वाजतो, मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ताशा येतो, आणि त्या दोघांच्या डोक्यावरून एक किनरा, थरथरता, तारेचा आवाज सगळ्या गावावर फिरत असतो. तो बेंजो. बाकी पाच-दहा जण वाजवत असले तरी सगळ्या ताफ्याला नाव त्याचंच: बेंजो पार्टी.

अमेरिकन चित्रपटांत दिसतो तो चामडं ताणलेला गोल बॅंजो वेगळा. आपला म्हणजे हातभर, दीड हात लांब लाकडी पेटी. वर तारा ताणलेल्या आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणांची रांग. डाव्या हाताने बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर टेकते, तार तेवढी आखूड होते, सूर चढतो. उजव्या हातात प्लॅस्टिकचा पातळ तुकडा. त्याने तारा छेडायच्या. बोट उचललं की स्प्रिंग बटण जागेवर आणते. दुकानात यालाच बुलबुलतरंग म्हणतात आणि पोराच्या वाढदिवसाला भेट म्हणून घेतात. पार्टीवाला त्याच पेटीत पिकअप बसवतो, वायर अँप्लिफायरला जोडतो, आणि खेळणं गल्ली हलवायला लागतं.

टाइपरायटरची उपमा माझी नाही. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी हे वाद्य बनवलं तेच टाइपरायटरची बटणं डोक्यात ठेवून. त्या वर्षी ताइशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली आणि कोतो हे तिकडचं जुनं तंतुवाद्य, म्हणून नाव पडलं ताइशोगोतो. घरात बसून चार साधी गाणी वाजवावीत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. पण स्वस्त आणि काखेत मावणारं असल्यामुळे ते बंदराबंदरांतून हिंडलं. बलुची लोकांनी त्याला मोठं करून ‘बेंजू’ म्हटलं. आपण बेंजो म्हणतो, आणि ते नाव ज्या अमेरिकन वाद्याचं, तेही मुळात आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांनी भोपळ्यावर तारा ताणून उभं केलेलं. म्हणजे पेटी जपानी, नाव आफ्रिकेच्या वाटेने आलेलं आणि चाल आगरी-कोळ्यांची.

शास्त्रीय संगीतवाले याच्याकडे बघत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. बटणावर मींड निघत नाही. सा वरून रे वर घसरत जाता येत नाही, उडीच मारावी लागते. शिवाय तारेचा आवाज लगेच विझतो. बेंजोवाला यावर एकच इलाज करतो. उजव्या हाताने तार इतक्या वेगाने खालीवर छेडत राहतो की तुटक टिपक्यांची रेघ होते. लांबून ऐकू येणारी थरथर ती हीच. कोळीगीताच्या चाली आखूड आणि उड्या मारणाऱ्या, त्यामुळे त्यांना ही पेटी चपखल बसते. मन लावून ऐकलं तर कळतं, चांगला वादक गाण्याचे शब्दही वाजवतो. कुठे श्वास घ्यायचा, कुठे अक्षर दाबायचं, सगळं. ऐन वरातीत तार तुटली तर ढोल-ताशावाले न सांगता चाल वाढवतात आणि नाचणाऱ्यांना पत्ता लागू न देता तो फुटपाथवर बसून नवी तार चढवतो. हे मी पाहिलं आहे, आणि मला ते गाण्याइतकंच आवडलं होतं.

2016 साली रवी जाधवांनी ‘बॅंजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुखला घेऊन. वाद्याला पडदा मिळाला एवढंच म्हणेन.

खरी गंमत अरबी समुद्राच्या पलीकडे आहे. हीच पेटी केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाला पोचली. तिथे तिला ‘ताशकोता’ म्हणतात आणि ‘तारब’ या स्वाहिली संगीतात ती वाजते, तीही पिकअप लावून. मोंबासाच्या जुमा भालो या गायकाने हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द बसवून नाव कमावलं. झुहुरा स्वालेह या गायिकेने ‘चकाचा’चा ठेका तारबमध्ये आणला, चकाचा म्हणजे तिकडच्या बायकांचा लग्नातला नाच. लग्न, बायकांचा नाच, सिनेमाची चाल आणि बटणांची पेटी: हळदीचा मांडव तेवढा घालायचा बाकी.

केनिया 1963 च्या डिसेंबरात स्वतंत्र झाला. त्या सुमारास आफ्रिकेत देश सुटत होते आणि प्रत्येक देशाला नाचायला बँड लागत होता. घानात ई. टी. मेन्सा आणि त्यांचे ‘टेम्पोज’ हायलाइफ हे तिकडचं नाचाचं संगीत वाजवत होते. 6 मार्च 1957 ला घाना स्वतंत्र झाला तेव्हा त्या स्वातंत्र्याचं गाणंही त्यांचंच. काँगोचे पुढारी 1960 च्या सुरुवातीला ब्रुसेल्सला वाटाघाटींना गेले, तर जोसेफ कबासेले आपला ‘आफ्रिकन जॅझ’ बँड घेऊन तिथे हजर, आणि ‘अँदेपांदांस चा चा’ तिथेच जन्मलं. पुढे 1971 साली, घानाच्या स्वातंत्र्यदिनीच, विल्सन पिकेट आणि आइक-टीना टर्नर यांच्यासारखे अमेरिकन सोल गायक अक्राला येऊन रात्रभर गायले. या बँडांतली बरीच पितळी वाद्यं मुळात गोऱ्यांच्या फौजांबरोबर आलेली. आपल्या लग्नातला ट्रम्पेटवालाही त्याच घरातला; लाल डगला आणि झुपकेदार टोपी उगाच नाही.

पनवेलकरांचा बेंजो मात्र कुठल्या फौजेने आणला नाही, आणि त्याच्या वाट्याला स्वातंत्र्याचं गाणंही आलं नाही. त्याच्या वाट्याला आली जमीन. नवी मुंबई वसवायला 1970 साली सिडको स्थापन झाली. पनवेल, उरणची भातशेती आणि मिठागरं नव्या शहराखाली गेली. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. शेत गेलं, मोबदला आला, लग्नं मोठी झाली. लोक त्याला उधळपट्टी म्हणतात. मला तेवढंच दिसत नाही. गावाच्या चहूबाजूंनी टॉवर उठल्यावर हे गाव आमचं आहे हे सांगायला वर्षातून जे चार-आठ दिवस उरले, त्यांत हळद आणि गणपती येतात. तेव्हा आवाज मोठाच लागतो.

धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी गाणारी बाई, मांडवात धवळे गाते तेव्हा मात्र बेंजो गप्प बसतो, हा रिवाज मी काही घरांत पाहिला आणि तो टिकावा असं वाटतं. बेंजोला धोका आहे तो डीजेचा. डीजेच्या भिंतीला तार तुटण्याची भीती नाही, आणि तिला दम लागत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम दोघांनाही सारखाच. पण त्याआधीच्या तासांत माणसं वाजवताना दिसतात ती बेंजो पार्टीतच.

पुढच्या हळदीचं बोलावणं आलं तर जरा लवकर निघा. जेवणाच्या पंगतीआधी बेंजोवाल्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहा आणि त्याची बोटं बघा.