गाडी म्हातारी का होते?



तुमच्या गावात एखादी उंच, दणकट आणि आता जराशी थकलेली गाडी नक्कीच असेल. लग्नाचे वऱ्हाड, बाजाराचा माल, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा रोगी, या सर्वांचा भार ती वाहते. आपल्या महाराष्ट्राचे या जातीच्या गाड्यांशी जुने नाते आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला अमेरिकन विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९९४ साली टाटांची सुमो आली. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. २००० साली बोलेरो आली आणि २००२ साली स्कॉर्पिओ. यांतील कितीतरी जुन्या गाड्या यवतमाळ जिल्ह्यात आजही धावताना दिसतात.

माझ्या दारातही अशीच एक सोळा वर्षांची गाडी आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीत ती योग्य ठरली, तर आणखी पाच वर्षे मिळतात. लोक म्हणतात, "सर, गाडी म्हातारी झाली, आता विका." पण लोखंडाला किंवा प्लॅस्टिकला वाढदिवस ठाऊक नसतो. उष्णता, पाणी आणि ऊन ही तिघे त्यांच्यावर सतत काही क्रिया करीत असतात आणि त्या क्रियांच्या परिणामालाच आपण म्हातारपण म्हणतो. क्रिया समजली, की तिला अटकाव करता येतो. कसा, ते पाहू या.

उष्णता : झाकणाखालचा कुकर

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. इंजिनातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच्याभोवती पाणी खेळविलेले असते. हे तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवते. रेडिएटरचे झाकण मात्र साधे नसते. त्यातील स्प्रिंग आत सुमारे एक वातावरण जादा दाब धरून ठेवते. दाब वाढला, की उत्कलनबिंदूही वाढतो. त्यामुळे आतले पाणी १०० अंशांना न उकळता सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूपातच राहते. घरच्या कुकरचेच हे तत्त्व आहे.

आता माझ्याच मूर्खपणाची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्चअखेर पांढरकवड्याच्या रस्त्यावर गाडी तापली. मी थांबलो, हातरुमाल घेतला आणि झाकण फिरविले. त्याच आठवड्यात मी वर्गात बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता शिकविली होती! माझ्या मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे.

काय घडले, याचे गणित करा. आतले पाणी ११५ अंशांवर आहे असे धरू. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि पाण्याला १०० अंशांवर यावे लागते. एक किलो पाणी १५ अंशांनी निवताना १५,००० कॅलरी उष्णता सुटते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. १५,००० ला ५४० ने भागा. उत्तर येते सुमारे २८ ग्रॅम. हे २८ ग्रॅम क्षुल्लक वाटतात ना? पण त्यांची वाफ जवळजवळ ४७ लिटर जागा व्यापते! ही वाफ उकळते पाणी आपल्यासोबत उडवीत बाहेर येते. शिवाय त्वचेवर निवताना वाफेचा प्रत्येक ग्रॅम त्या ५४० कॅलरी त्वचेला परत करतो. म्हणून वाफेचा चटका पाण्याहून वाईट असतो.

यावरून नियम असा, की इंजिन पूर्ण निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. पाण्याची पातळी सकाळी, थंड गाडीत पाहावी.

बोअरचे पाणी जड असेल, तर तेही रेडिएटरला चालत नाही. पाणी तापविण्याच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा क्षार उष्णतेचा मंद वाहक असल्याने पाणी निवत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळून वापरावे. त्यातील रसायने गंजही रोखतात. जुने कूलंट मात्र कधीही अंगणात किंवा गटारात ओतू नका. बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. कुत्री आणि गुरे ते पितात. बंद डब्यात भरून ते गॅरेजवाल्याकडे द्यावे.

रेडिएटरच्या पत्र्यांत धूळ, किडे आणि कापसाच्या हंगामात तंतू अडकतात. गाडी थंड असताना आणि किल्ली काढून ठेवून, आतून बाहेर अशी पाण्याची हलकी धार सोडली, की वाऱ्याची वाट मोकळी होते. जोराची धार नको, कारण हे पत्रे सहज वाकतात.

पाणी : काळी माती आणि गंज

लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी, दोन्ही लागतात. आपली काळी माती चाकांवरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूस चिकटते. तिचे कण अतिशय सूक्ष्म असल्याने ती पाणी फार काळ धरून ठेवते. पाऊस संपला तरी पत्र्यावर ओले फडके गुंडाळून ठेवल्यासारखी स्थिती राहते. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून कुजते ती अशी. म्हणून पावसाळ्यात टप धुण्याआधी चाकांवरची ही जागा धुवावी.

रंगावर फोड दिसला, तर त्यावर नुसता नवा रंग फासू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि रंगाला आतून ढकलतो. नवा रंगही तसाच उचलला जाईल. पॉलिश पेपरने चकाकता धातू दिसेपर्यंत घासावे, पुसून कोरडे करावे, त्याच दिवशी प्रायमर लावावा आणि तो वाळल्यावर रंग द्यावा. घासताना नाकावर फडके बांधावे.

ऊन : पिवळे पडलेले हेडलाइट

अलीकडच्या हेडलाइटवरील आवरण काचेचे नसून पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते. उन्हातील अतिनील किरणांनी त्याच्या पृष्ठभागाचे रेणू तुटतात. ते पिवळे पडते आणि त्यावर बारीक भेगा येतात. मग प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी चहूकडे विखुरतो. आपल्याला खड्डा दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. म्हणजे हा प्रश्न केवळ शोभेचा नाही.

एक प्रयोग करा. दिवा बंद आणि थंड असताना अशा धुरकट आवरणावर पाणी ओता. ते क्षणभर स्वच्छ दिसू लागेल! असे का? पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.५८, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३ आहे. भेगांत हवेऐवजी पाणी भरले, की दोन माध्यमांतील फरक कमी होतो आणि किरण कमी विखुरतात. पाण्याने स्वच्छ दिसले, तर दोष बाहेरच्या बाजूस आहे आणि तो घासून काढता येईल, असे समजावे.

घासण्यासाठी पाण्यात भिजविलेला ८०० क्रमांकाचा पेपर, मग १५०० चा आणि शेवटी ३००० चा वापरावा. प्रत्येक पेपर आधीच्याचे ओरखडे अधिक बारीक करतो. नंतर पॉलिश करून अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप द्यावा. मूळचे संरक्षक आवरण घासण्यात गेलेले असते. लेप दिला नाही, तर काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडेल.

नटवा, पण विचार करून

गाडी रुबाबदार दिसावी म्हणून पुष्कळ जण बंपरपुढे जाड लोखंडी गज लावतात. टक्कर झाली, तर तो धक्का पुढच्या पत्र्याला चेपू न देता थेट गाडीच्या सांगाड्यात पोचवतो. थांबण्याचा वेळ कमी झाला, की बल वाढते, हे तुम्ही शिकलाच आहात. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला तर असा गज अधिकच घातक. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अशा गजांवर कारवाई करण्यास राज्यांना कळविले ते याचमुळे.

ही सर्व कामे घरातील मोठ्या माणसाबरोबरच करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. ब्रेक आणि स्टिअरिंग जाणत्या मिस्त्रीकडेच द्या.

येत्या रविवारी एक वही घ्या आणि ओळखीच्या एखाद्या जुन्या गाडीभोवती फेरी मारा. कोठे उष्णतेने, कोठे पाण्याने आणि कोठे उन्हाने काम केले आहे, ते तीन रकान्यांत लिहा. आणि गाडी नुकतीच प्रवासाहून आली असेल, तर झाकणाचा रकाना सोमवार सकाळसाठी राखून ठेवा!