सातबारा ब्लॉकचेनवर टाकून काय होईल?

‘सातबारा ब्लॉकचेनवर टाका, जमिनीचे घोटाळे आपोआप बंद होतील.’ हे मी परिसंवादात ऐकलंय, स्टार्टअपवाल्यांच्या तोंडून ऐकलंय आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. बोलणारा दर वेळी वेगळा असतो, कारण मात्र एकच दिलं जातं: तिथे एकदा लिहिलेलं कुणालाच बदलता येत नाही, ना तलाठ्याला, ना मंत्र्याला, ना हॅकरला. बरेच प्रोग्रॅमर हे ऐकून गप्प बसतात. वाद घातला की ‘तुम्हाला नवं तंत्रज्ञान पचत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. पण आता हा विषय क्रिप्टोच्या सट्ट्यापुरता राहिलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे सुमारे ६५ हजार दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रकल्प जाहीर झाला. आज दाखले, उद्या जमिनी. म्हणून ‘बदलता येत नाही’ हा दावा एकदा नीट तपासून घेऊ.

ब्लॉकचेन ही नोंदींची वही आहे आणि तिच्या प्रत्येक पानावर, म्हणजे ब्लॉकवर, आधीच्या पानाचा हॅश लिहिलेला असतो. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खी खूण बदलते. मागचं एखादं पान कुणी बदललं तर पुढच्या एकाही पानाचा मेळ बसत नाही, आणि चोरी उघडी पडते. गणिताची हमी एवढीच आहे: बदल लक्षात येईल. बदल होणारच नाही, असं ते कुठेही म्हणत नाही. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०१८ च्या अहवालात हेच स्पष्ट केलंय. ब्लॉकचेनला सरसकट ‘अपरिवर्तनीय’ म्हटलं जातं, पण काटेकोरपणे पाहिलं तर ते खरं नाही. कुठली वही खरी मानायची हे ती वही सांभाळणारं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि कुठलं सॉफ्टवेअर चालवायचं हे माणसं ठरवतात.

१५ ऑगस्ट २०१० ला काय झालं ते पाहा. बिटकॉइनच्या ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये एक व्यवहार नोंदला गेला. जमेला होता अर्धा बिटकॉइन आणि दोन पत्त्यांवर मिळून पाठवले होते १८,४४६ कोटी. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत, ही त्या चलनाची मूळ ग्वाही! मग हे घडलं कसं? बिटकॉइनचा हिशेब सातोशी या लहान एककात ठेवतात. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. ही रक्कम ६४ बिटच्या जागेत साठवली जाते आणि त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे ९२२३३७२०३६८५४७७५८०७. हल्लेखोराने दोन्ही रकमा या मर्यादेच्या जेमतेम खाली ठेवल्या. सुट्या तपासल्या तर दोन्ही चालण्याजोग्या. त्यांची बेरीज मात्र मर्यादेबाहेर गेली आणि उलटून उणे झाली: उणे ०.००९९७५३८ बिटकॉइन. ‘खर्च जमेपेक्षा जास्त नाही ना?’ ही तपासणी सॉफ्टवेअरने इमानेइतबारे केली, उणे आकडा अर्ध्यापेक्षा कमीच भरला आणि व्यवहार पास झाला.

ही चूक प्रोग्रॅमरच्या ओळखीची आहे. जून १९९६ मध्ये एरियन ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसएक सेकंदांत नष्ट झालं, कारण ६४ बिटमधला आकडा १६ बिटच्या जागेत घालायचा प्रयत्न झाला. तो कोड जुन्या एरियन ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता आणि तिथे तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. ब्लॉकचेन हेही सॉफ्टवेअरच आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरचे सगळे रोग तिला होतात.

बिटकॉइनच्या त्या ब्लॉकचं पुढे काय झालं? सातोशी नाकामोतो या नावाने वावरणाऱ्या निर्मात्याने काही तासांत दुरुस्त आवृत्ती दिली, मायनिंग, म्हणजे संगणकशक्ती खर्चून नवे ब्लॉक जोडण्याचं काम, करणाऱ्यांनी ती बसवली आणि त्या ब्लॉकपासून पुढचे पन्नासहून अधिक ब्लॉक रद्द झाले. योग्यच झालं. वही बदलली नसती तर बिटकॉइनला किंमतच उरली नसती.

इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनची गोष्ट याहून बोलकी आहे. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाच्या सामायिक गुंतवणूक निधीतून कुणीतरी ३६ लाख इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, उपसले. तेव्हाच्या भावाने जवळपास ५ कोटी डॉलर. चूक साधी होती. पैसे मागणाऱ्याला आधी पैसे दिले जात आणि खात्यातली शिल्लक नंतर कमी केली जाई. हल्लेखोराच्या कोडने पैसे हातात पडताच, शिल्लक कमी होण्याआधीच, पुन्हा मागणी केली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. ‘कोड हाच कायदा’ म्हणणाऱ्या समाजाने महिनाभर वाद घातला आणि २० जुलैला नियम बदलून ते पैसे परत मिळवून दिले. ज्यांना हे मान्य नव्हतं ते जुनी साखळी इथेरियम क्लासिक या नावाने चालवत राहिले.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, इथेरियमवरच्याच पॅरिटी वॉलेटच्या, म्हणजे डिजिटल पाकिटाच्या, सामायिक कोडमध्ये मालकाची जागा रिकामी राहिली होती. कुणीतरी ती स्वतःच्या नावावर करून घेतली आणि तो कोडच नष्ट करणारी आज्ञा चालवली. त्या कोडवर अवलंबून असलेल्या ५८७ वॉलेटांमधले ५ लाख १३ हजारांहून अधिक इथर कायमचे अडकले. ते सोडवण्याचा प्रस्ताव आला, त्यावर कौल घेतला गेला आणि तो मागे पडला. म्हणजे २०१६ मध्ये वही बदलली, २०१७ च्या घटनेसाठी बदलली नाही. गणित दोन्ही वेळी तेच होतं. फरक होता तो कुणाचे पैसे अडकले होते आणि कुणाचा आवाज किती चालत होता, याचा.

आणि ‘आम्ही वही बदलणार नाही’ म्हणत वेगळी झालेली इथेरियम क्लासिक? ऑगस्ट २०२० मध्ये एकाच महिन्यात तीनदा भाड्याच्या संगणकशक्तीच्या जोरावर तिचे हजारो ब्लॉक पुसून नवे लिहिले गेले.

आता सातबाऱ्याकडे या. सरकारने स्वतःच्याच सर्व्हरवर ब्लॉकचेन चालवली तर वेगवेगळ्या संगणकांवरच्या वहीच्या सगळ्या प्रती सरकारच्याच हातात, म्हणजे हवं तेव्हा सगळ्याच बदलता येतील. तो साधा डेटाबेसच झाला, फक्त संथ आणि महाग. सार्वजनिक साखळी वापरली तर जमिनीच्या नोंदीवर शेवटचा शब्द जगभरात विखुरलेल्या, आपल्याला कसलंही उत्तर देणं न लागणाऱ्या मंडळींचा. यातलं काय हवंय, हे सांगायला कुणी तयार नसतं.

आणि जमिनीचे घोटाळे होतात तरी कुठे? रात्री सर्व्हरमध्ये शिरून जुना आकडा बदलला, अशा गोष्टी क्वचित. खोटं कुलमुखत्यारपत्र, मेलेल्या माणसाच्या जागी उभा केलेला तोतया, वारसांतून गाळलेली बहीण, संगनमताने प्रमाणित केलेला फेरफार: खोटं आत शिरतं ते दारातूनच, सही-शिक्क्यासकट. ते ब्लॉकचेनवर चढलं की खोटंच पक्कं होतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लिहिणाऱ्यांना ही जाण होती. कलम १५० मध्ये फेरफाराची नोटीस आणि हरकतीची सोय आहे, कलम १५५ मध्ये लेखनातल्या चुकांच्या दुरुस्तीची, आणि कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानायची ती उलट सिद्ध होईपर्यंत. सातबारा दुरुस्त करता येतो हा त्याचा दोष नाही. दुरुस्ती कुणी केली, केव्हा, कशाच्या आधारे, हे लपवता येऊ नये, एवढीच खरी गरज आहे.

वारस नोंदीचं काय, हा माझा आवडता प्रश्न आहे आणि त्यावर आजवर धड उत्तर मिळालेलं नाही. ब्लॉकचेनवरची मालमत्ता हलवायला मालकाची खासगी की, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेला गुप्त आकडा, लागते. मालक की न सांगता गेला तर? ‘तहसीलदार बदलेल’ म्हणाल तर सगळा विश्वास पुन्हा तहसीलदाराच्या कीवर आला आणि ब्लॉकचेनने काहीच साधलं नाही. ‘कुणालाच बदलता येणार नाही’ म्हणाल तर जमीन गेली. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात एका इंजिनिअरची जुनी हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात जवळपास ८ हजार बिटकॉइनची की होती. कचरा डेपो खणू द्यावा म्हणून तो वर्षानुवर्षं नगरपालिकेशी भांडला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. ते बिटकॉइन वहीत सगळ्यांना दिसतात, पण कुणालाही हलवता येत नाहीत. शेतकऱ्याच्या चार एकरांचं असं झालेलं कुणाला चालेल?

शिवाय सही शेवटी टेबलावरच्या कुठल्यातरी संगणकावरच होते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीचं क्रिप्टो गेलं. वॉलेटला एकापेक्षा जास्त सह्या लागत होत्या. कंपनीच्याच निवेदनानुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. ब्लॉकचेनने तो व्यवहार अगदी बिनचूक नोंदवला.

छेडछाड उघडी पडावी ही मागणी मात्र रास्त आहे, आणि तिचं उत्तर बिटकॉइनच्या आधीचं आहे. हेबर आणि स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये हॅशच्या साखळीची कल्पना मांडली. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून ग्राहकांच्या कागदपत्रांचा एकत्रित हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापून घरोघर गेलेला अंक परत गोळा करून कोण बदलणार? वेबसाइटांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांसाठी २०१३ पासून सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी नावाची व्यवस्था आहे. तिच्या जाहीर नोंदवह्यांत फक्त भर घालता येते, कुणीही त्या तपासू शकतं, आणि कसलंही नाणं लागत नाही. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतो. १५ रुपये भरून उतरवून घेता येतो आणि पडताळताही येतो. त्यात भर म्हणून प्रत्येक तालुक्याच्या अभिलेखाचा हॅश दर आठवड्याला वर्तमानपत्रांत जाहीर नोटिशींच्या शेजारी छापावा. मागची नोंद गुपचूप बदलली तर कुठल्याही वाचनालयातला जुना अंक ते सिद्ध करील. खर्च एका जाहिरातीचा. हे मी गांभीर्याने सुचवतोय.

जून २०२२ मध्ये ब्रूस श्नायर, ग्रेडी बूच यांच्यासारख्या जाणत्यांसह जगभरच्या दीड हजारांच्या आसपास संगणकतज्ज्ञांनी अमेरिकी काँग्रेसला पत्र लिहून ब्लॉकचेनच्या अवास्तव दाव्यांबद्दल सावध केलं होतं. नव्याला घाबरणारी ही माणसं नव्हेत. आपण रोज वापरतो त्या तंत्रज्ञानाचा पाया यांतल्या अनेकांनी घातलाय.

आता सोबतीने ऐकू येणारे बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘बिटकॉइन निनावी आहे.’ प्रत्येक व्यवहार कायम जाहीर राहतो. बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून २०१६ मध्ये चोरलेल्या सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइनपैकी ९४ हजार अमेरिकी सरकारने २०२२ मध्ये माग काढून जप्त केले.

‘सरकार कर घेतं, म्हणजे क्रिप्टो अधिकृत चलन झालं.’ २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. त्याने क्रिप्टोला चलनाचा दर्जा मिळत नाही.

‘डिजिटल रुपया म्हणजे सरकारी बिटकॉइन.’ २०२२ च्या अखेरीपासून चाचणी सुरू असलेला डिजिटल रुपया हे रिझर्व्ह बँकेचं थेट देणं आहे, नोटेसारखंच. बिटकॉइनमागे देणेकरी कुणीच नाही.

‘कोड सगळ्यांना खुला आहे, चूक राहणारच नाही.’ नवे बिटकॉइन हवेतून पाडता येतील अशी चूक बिटकॉइनच्या खुल्या कोडमध्ये २०१७ पासून बसून होती. ती सापडली सप्टेंबर २०१८ मध्ये.

‘घरच्या जुन्या पीसीवर मायनिंग करून पैसे मिळतात.’ २००९ मध्ये मिळाले असते. मग ग्राफिक्स कार्डं आली, २०१३ पासून फक्त याच कामासाठी बनवलेल्या चिप आल्या. आज जुन्या पीसीवर विजेचं बिल तेवढं येईल.

आणि जुन्या पीसीचा विषय निघालाच आहे तर: ‘जुना पीसी झिजून हळू होतो.’ प्रोसेसर झिजून मंदावत नाही. त्याच्यावर चढवलेलं सॉफ्टवेअर दरवर्षी जड होतं, आणि पंख्यात धूळ साचली की मशीन तापून स्वतःचा वेग उतरवतं. संगणकशास्त्रज्ञ निकलस विर्त यांनी फुगत चाललेल्या सॉफ्टवेअरबद्दल १९९५ मध्येच लिहिलं होतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चांगली चालती मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत म्हणून भंगारात निघाली. अशा मशीनमध्ये एसएसडी टाका, हलकं लिनक्स चढवा. पत्रव्यवहार, ब्राउझर आणि हिशेब यांसाठी ते अजून कित्येक वर्षं चालेल.