गोल्फ क्लबचा कॅप्टन

मराठी वाचकाला ‘कर्णधार’ हा शब्द क्रिकेटमुळे परिचयाचा झाला आहे. नाणेफेक करणारा, गोलंदाज बदलणारा, पराभवाचे उत्तर देणारा असा तो पुरुष असतो. गोल्फ क्लबचा कॅप्टन मात्र या अर्थाने कर्णधार नव्हे. तो क्लबातील सर्वोत्तम खेळाडू असतोच असे नाही, आणि पुष्कळदा नसतो. त्याला पगार नसतो. त्याच्या अधिकारांची यादी करावयाची झाल्यास ती अर्ध्या पानातही मावेल. परंतु त्याच्याकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षांची यादी करू लागल्यास दोन-चार पाने सहज लागतील. वर्षभरासाठी निवडून येणाऱ्या या मानकऱ्याचे जीवन समजून घेतले म्हणजे हौशी गोल्फ नावाची संस्था कशावर उभी आहे, हे बऱ्याच अंशी उमगते.

या पदाचा उगम एका स्पर्धेत आहे. १७४४ साली एडिंबरो शहराच्या नगरमंडळाने लीथ येथील मैदानावर खेळणाऱ्या गोल्फपटूंना एक चांदीची काठी बक्षीस म्हणून दिली. जो ही स्पर्धा जिंकेल त्याला ‘गोल्फचा कॅप्टन’ म्हणावे, खेळाविषयीच्या सर्व तंट्यांचा निवाडा त्याने आपल्या काही सहकाऱ्यांसह करावा, आणि विजयाची खूण म्हणून त्या काठीला सोन्याचा वा चांदीचा एक तुकडा जोडावा, अशा अटी ठरल्या. स्पर्धेसाठी तेरा नियम लिहून काढण्यात आले. गोल्फचे लिखित नियम म्हणून आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने होत. पहिला विजेता होता जॉन रॅट्रे नावाचा शल्यवैद्य. पुढे स्कॉटलंडमधील जॅकोबाइट बंडात तो बंडखोरांच्या बाजूने सामील झाला आणि १७४६ च्या कलोडनच्या पराभवानंतर कैदेत पडला. त्याची सुटका झाली ती डंकन फोर्ब्स या न्यायाधीशाच्या रदबदलीमुळे. हा न्यायाधीश सरकारपक्षाचा खंदा समर्थक होता. पण तो लीथच्या मैदानावरील रॅट्रेचा सोबतीही होता. क्लबातील ओळखीचा एवढा मोठा उपयोग फारच थोड्या कॅप्टनांना झाला असेल.

सेंट अँड्र्यूज येथेही १७५४ पासून हीच रीत होती. जो जिंकेल तो कॅप्टन. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८०६ साली, तेथे कॅप्टन निवडून देण्याची पद्धत सुरू झाली. कारण उघड आहे. चेंडू अचूक मारणारा मनुष्य तंटे अचूक सोडवील अशी खात्री देता येत नाही. जुनी स्पर्धा मात्र एका लटक्या रूपात शिल्लक ठेवण्यात आली. दरवर्षी शरद ऋतूतील मेळाव्यात नवा कॅप्टन सकाळी पहिल्या टीवरून एकच चेंडू मारतो, तोफेचा बार होतो, आणि एकच स्पर्धक असल्यामुळे तो अर्थातच ‘विजयी’ ठरतो. मैदानात पसरून उभे असलेले कॅडी त्या चेंडूवर झेप घेतात. जो तो आणून देईल त्याला कॅप्टन सोन्याचे नाणे देतो. कॅडी टीपासून किती अंतरावर उभे राहिले आहेत, यावरून नव्या कॅप्टनच्या खेळाविषयीचे लोकमत बिनचूक कळते.

भारतात हा खेळ लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ साली स्थापन झाला. ब्रिटनबाहेरील गोल्फ क्लबांत तो सर्वांत जुना मानला जातो. हौशी खेळाडूंची भारतीय अजिंक्यपद स्पर्धा १८९२ साली सुरू झाली, म्हणजे ब्रिटनमधील अशा स्पर्धेनंतर अवघ्या सात वर्षांनी. प्रथम ही मंडळी बहुतांशी इंग्रज व्यापारी आणि लष्करी अधिकारी होती. मुंबईत १९१८ साली सुरू झालेल्या विलिंग्डन क्लबाने भारतीय आणि युरोपीय सभासदांना एकत्र आणले. १९२७ साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. पुण्यात येरवड्याचे मैदान आहेच. इंडियन गोल्फ युनियनची स्थापना १९५५ मधली. इंग्रज गेले, परंतु कॅप्टन, समिती, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि सोनेरी अक्षरांत नावे रंगविलेला लाकडी फलक ही सारी व्यवस्था मागे राहिली आणि भारतीय सभासदांनी ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली.

कॅप्टनच्या कामाचा गाभा म्हणजे हँडिकॅप. हा शब्द नीट समजल्याशिवाय पुढील काहीच समजणार नाही. गोल्फमध्ये कमी फटक्यांत फेरी पूर्ण करणारा जिंकतो. निष्णात खेळाडू आणि सुटीच्या दिवशी खेळणारा डॉक्टर यांच्यात सरळ सामना लावला तर त्यात काही अर्थ उरत नाही. म्हणून दुबळ्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सवलत दिली जाते. एकाचा हँडिकॅप ६ आणि दुसऱ्याचा २० असेल, तर दोघांच्या सामन्यात दुसऱ्याला सर्वांत कठीण अशा चौदा होलांवर एकेक फटका मोकळा मिळतो. बाप आणि मुलगा, सेनापती आणि सुभेदार, चाळिशीतला आणि सत्तरीतला यांना बरोबरीने खेळता यावे अशी सोय दुसऱ्या कोणत्याही खेळाने इतक्या बारकाईने केलेली नाही.

२०२० पासून जगातील बहुतेक देशांनी एकच पद्धत स्वीकारली आहे. प्रत्येक मैदानाचे दोन आकडे ठरविलेले असतात: उत्तम खेळाडूला तेथे किती फटके लागावेत हा एक, आणि सामान्य खेळाडूला ते मैदान किती अधिक जड जाते हा दुसरा. दुसऱ्या आकड्याचे प्रमाण ११३ धरतात. समजा, मैदानाचे मोल ७१ आणि जडपणा १२५ आहे, आणि एका सभासदाने ९५ फटके घेतले. फरक २४ चा. त्याला ११३ ने गुणून १२५ ने भागले म्हणजे २१.७ येतात. अशा शेवटच्या वीस फेऱ्यांतील सर्वांत चांगल्या आठांची सरासरी म्हणजे त्याचा हँडिकॅप. सर्व फेऱ्यांची सरासरी न घेता चांगल्याच फेऱ्या मोजण्यात मर्म आहे: मनुष्य नेहमी कसा खेळतो याचे हे माप नाही, तो कसा खेळू शकतो याचे आहे.

हे गणित आता यंत्र करते. पण यंत्राला दिलेले आकडे खरे आहेत की नाहीत हे यंत्राला कळत नाही. गोल्फमध्ये हौशी सामन्यांना पंच नसतो. झाडीत शिरलेला चेंडू कसा पडला होता, हे त्या खेळाडूलाच ठाऊक असते. त्यामुळे दोन प्रकारचे सभासद प्रत्येक क्लबात आढळतात. एक अभिमानी. तो वाईट फेऱ्यांची कार्डे खिशातच ठेवतो, आपला हँडिकॅप खोटाच कमी राखतो आणि त्यापायी सामने हरतो. हा निरुपद्रवी होय. दुसरा चतुर. तो किरकोळ फेऱ्यांत मुद्दाम फटके वाढवून कार्डे भरतो आणि मोठ्या चषकाच्या दिवशी अचानक ‘फॉर्मात’ येतो. हँडिकॅप एकदम फुगू नये म्हणून नव्या पद्धतीत मर्यादा घातली आहे: वर्षभरातील नीचांकापेक्षा तो पाचाहून अधिक वाढू शकत नाही. तरीही अखेरीस कोणीतरी त्या सभासदाला बाजूला घेऊन बोलावे लागते, आणि ते कॅप्टनच्या वाट्याला येते. चोरीचा आरोप न करता चोरी थांबवावयाची, असे हे अवघड काम आहे.

औद्योगिक नगरांचा विचार केला म्हणजे या कामाची धार अधिक जाणवते. भिलाईचे उदाहरण घ्यावे. सोव्हिएत सहकार्याने उभारावयाच्या या पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले. दुर्ग जिल्ह्याचा हा प्रदेश १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. पुढे भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात आणि २००० साली छत्तीसगढात गेला. भाताच्या शेतांत सेक्टरांची वसाहत आखली गेली. अशा नगरात घर, शाळा, रुग्णालय, क्लब आणि क्रीडांगण या सर्वांचा धनी एकच असतो. सकाळी ज्याच्यापुढे फाइल ठेवावयाची तोच संध्याकाळी खेळातील प्रतिस्पर्धी असतो. मोठ्या शहरातल्या क्लबात वकील, व्यापारी आणि डॉक्टर एकमेकांचे वरिष्ठ नसतात. कारखान्याच्या नगरात मात्र बहुतेक प्रत्येकजण कोणाचा तरी वरिष्ठ असतो.

जमशेदपुरात, जेथे पोलादाचा इतिहास भिलाईहून जुना आहे, बेल्डीह आणि गोलमुरी येथे गोल्फची मैदाने आहेत. अशा ठिकाणच्या कॅप्टनची कसोटी कल्पिणे कठीण नाही. महाव्यवस्थापकाचा चेंडू हद्दीबाहेर गेला किंवा नाही, हे त्याच्या हाताखालच्या अभियंत्याला सांगावे लागते. हौशी खेळात सौजन्य आणि लाचारी यांतली रेषा फार बारीक असते. वरिष्ठाचा दोन फुटांचा पट न मारताच ‘गेला’ म्हणून सोडून देणे हे सौजन्य आहे, पाच फुटांचा सोडणे हे बहुधा दुसरे काहीतरी असते. शिवाय फटक्यांच्या स्पर्धेत असे सोडताच येत नाही. चेंडू होलात घालावाच लागतो. येथे कॅप्टनने सामन्यांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरविल्या, तर निम्मे प्रश्न सुटतात. म्हणूनच जाणते कॅप्टन या चिठ्ठ्यांना फार जपतात.

उरलेल्या निम्म्यासाठी फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरचे आभार मानावयास हवेत. योगायोग असा की तोही शल्यवैद्यच होता. १९३२ साली वॉलसी येथे त्याच्या पद्धतीने पहिली स्पर्धा झाली. तीत फटके न मोजता गुण मोजतात: हँडिकॅप धरून पार केला तर २, एक फटका जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३. एखाद्या होलावर सत्यानाश झाला तरी शून्यापलीकडे तोटा नाही. चेंडू उचलावा आणि पुढे चालावे. त्यामुळे मंद खेळाडू चिडत नाही आणि मागून येणारी चौकडी ताटकळत नाही. क्लबातील शांततेला या शोधाने जेवढा हातभार लावला तेवढा कोणत्याही भाषणाने लावला नसेल.

याखेरीज हंगामाची कामे आहेत. पावसाळ्यात चिखल झाला की चेंडू उचलून, पुसून, जवळच ठेवण्याची मुभा देणारा स्थानिक नियम केव्हा लागू करावयाचा आणि केव्हा मागे घ्यावयाचा, यावर समितीत वाद होतात. पूर्वी पाणी दुर्मिळ असलेल्या छावण्यांतील मैदानांवर हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत. ते प्रत्येक खेळानंतर झाडावे लागत. आंतरक्लब सामन्यांसाठी संघ निवडणे, पाहुण्या संघाचे जेवण, महिला विभागाच्या कॅप्टनशी तारखांची वाटाघाट, बक्षीस समारंभ, मृत सभासदासाठी शोकसभा हेही असतेच. एवढे सगळे करताना कॅप्टनचा स्वतःचा खेळ त्या वर्षी बिघडतो, असा बहुतेक क्लबांतला समज आहे, आणि तो खोटा म्हणण्याचे कारण दिसत नाही.

हौशी या शब्दालाही कॅप्टनच राखणदार असतो. १९६५ साली पी. जी. सेठी यांनी कलकत्त्यास व्यावसायिकांना हरवून इंडियन ओपन जिंकले. हौशी असल्यामुळे बक्षिसाची रक्कम त्यांना घेता आली नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये गोल्फचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा लक्ष्मण सिंह यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले आणि भारतीय संघानेही सुवर्ण जिंकले. २०२२ पासून नियम सैल झाले असून, हँडिकॅप नसलेल्या स्पर्धेत हौशी खेळाडूला सातशे पौंडांपर्यंत रोख रक्कम स्वीकारता येते. हँडिकॅपच्या स्पर्धेत मात्र रोकड निषिद्धच आहे. कारण चतुर सभासदापुढे पैसे ठेवणे कोणत्याही कॅप्टनला परवडणारे नाही.

एका बाबतीत मात्र ही समतोलाची व्यवस्था लंगडी पडते. पिशवी वाहणारा कॅडी मैदान सभासदांपेक्षा अधिक चांगले जाणतो. त्याला सभासदत्व मिळत नाही. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकले, तेव्हा सेठींनंतर सव्वीस वर्षांनी ते विजेतेपद भारतीयाकडे आले. कलकत्त्याच्या क्लबात मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा असलेल्या एस. एस. पी. चौरसिया यांनी तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. अनेक क्लबांत सोमवारी मैदान सभासदांना बंद असते आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देण्याची प्रथा आहे. ती पाळावयाची की देखभालीच्या सबबीखाली गुंडाळावयाची, त्यांच्यासाठी वर्षातून एक स्पर्धा भरवावयाची की नाही, उन्हाळ्यात त्यांना सावली आणि पिण्याचे पाणी कोठे मिळावे, हे प्रश्न कोणत्याही नियमपुस्तकात नाहीत. ते कॅप्टनच्या मर्जीवर राहतात, आणि मर्जी दर वर्षाच्या निवडणुकीबरोबर बदलते.