पऱ्हाटीच्या पानामागे

श्रावणातल्या एका सकाळी नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने पऱ्हाटीचे एक पान माझ्या मेजावर आणून ठेवले. त्याच्या कडा पिवळ्या पडून खाली वळल्या होत्या व मधूनमधून तांबूस छटा दिसत होती. "गुरुजी, आमचे बियाणे तर बीटीचे आहे; मग हे कसे झाले?" असा त्याचा प्रश्न होता. मी पडलो कला शाखेचा पदवीधर. उत्तर तत्काळ देता आले नाही. पान उलटे केले तेव्हा शिरांजवळ पाचरीच्या आकाराचे काही हिरवट जीव बसलेले आढळले आणि बोट लागताच ते तिरपे तिरपे पळू लागले. त्यांचे नाव मात्र मला लहानपणापासून ठाऊक होते. कोकणात आंब्याच्या मोहोरावरही 'तुडतुडे' येतात. किडा निराळा, पण खोड तीच: रस पिण्याची.

त्या विद्यार्थ्याची शंका रास्त होती. भारतात २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत जे विषारी प्रथिन असते, ते बोंडे पोखरणाऱ्या अळ्यांच्या आतड्यावर परिणाम करते. तुडतुडे, मावा, पांढरी माशी व फुलकिडे यांचा त्याने केसही वाकडा होत नाही. त्यांचा मार्गच वेगळा. मावा आणि पांढरी माशी सुईसारखी सोंड पानात खुपसून झाडाचा रस ओढतात. तुडतुडे रस पिताना आपली विषारी लाळही पानात सोडतात, म्हणून कडा करपतात. फुलकिडे आधी पानाची त्वचा खरवडतात व पाझरणारे द्रव्य शोषतात. त्यामुळे पानाची खालची बाजू चंदेरी दिसते.

झाडाच्या रसात साखर पुष्कळ आणि शरीर वाढविणारी द्रव्ये फार थोडी असतात. मग या जीवांना पोटभर पोषणासाठी अतोनात रस प्यावा लागतो, आणि जास्तीची साखर ते चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. त्या गोडीसाठी मुंग्या येतात. पऱ्हाटीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर शेंड्याकडची पाने अवश्य उलटून पाहावीत. बहुधा तेथे मावा सापडतो. याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते. आपल्या भागातील संत्र्याच्या बागाईतदारांना 'कोळशी' सांगावी लागत नाही. तिचे मूळही असेच एका रस पिणाऱ्या काळ्या माशीत आहे. फुटलेल्या बोंडावर हे थेंब पडले की कापूस चिकट होतो व सूतगिरणीत डोकेदुखी ठरतो.

आता उपायाकडे वळू. किडा दिसला की पंप पाठीवर घ्यावा, हा सर्रास प्रघात आहे. माझ्या मते नुकसानीचे मूळ तेथेच आहे. माव्याची मादी नराशिवायही जिवंत पिल्लांना जन्म देते व ती पिल्ले आठवड्याभरात स्वतः प्रसवू लागतात. उलट, माव्याला खाणाऱ्या ढालकिड्याची वाढ होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. घाईने मारलेल्या फवाऱ्यात दोघेही मरतात, परंतु मावा लवकर परततो आणि त्याला खाणारा उरलेला नसतो. ढालकिड्याची अळी तर बिचारी आपल्या रूपामुळेच मरते. काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी दिसणारी ही अळी शत्रू समजून चिरडणारे अनेक जण मी पाहिले आहेत. ती दिवसाकाठी मावाच फस्त करीत असते.

म्हणून आधी मोजावे. एकरात तिरपे चालत वीस झाडे निवडावी. प्रत्येकाचे वरचे, मधले व खालचे असे एकेक पान न तोडता हळूच उलटून पाहावे. साठ पाने झाली. तुडतुड्यांची पिल्ले सरासरीने पानामागे दोन, म्हणजे साठ पानांवर १२० भरली, तर उपाय हाती घ्यावा. मावा अथवा फुलकिड्यांसाठी हा आकडा पानामागे दहा धरतात. हे काम आठव्या इयत्तेचा विद्यार्थी रविवारी तासाभरात करू शकतो. बीटीचे बियाणे बहुधा औषध लावूनच विकले जाते; त्यामुळे पेरणीनंतरचे पहिले काही आठवडे फवारणीची गरज सहसा पडत नाही. युरियाचा मारा केलेली लुसलुशीत पऱ्हाटी मात्र या पाहुण्यांना आवतणच देते.

आकडा थोडासाच ओलांडला असेल तर प्रथम निंबोळी वापरावी. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, फडक्यातून गाळावी, थोडे साबणाचे पाणी घालून एकूण १०० लिटर करावे व संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या आषाढात आपल्याच निंबाखाली पडतात. त्या वेळी वेचून न ठेवल्यास श्रावणात आठवून उपयोग नाही.

विषारी औषधाची वेळ आलीच तर यवतमाळ विसरू नये. २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या दिवसांत त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जण इस्पितळात पोहोचले. पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती, फवारा तोंडावर येत होता, दोन-तीन औषधे एकत्र कालविली जात होती आणि अंगावर साधा सदरा होता.

घरात वाचता येणारे मूल असेल तर डब्यावरील रंगीत त्रिकोण त्याने वडिलांना वाचून दाखवावा: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. पंप भरण्याचे काम मुलांनी करू नये. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नये, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, हातमोजे व तोंडावर पट्टी असावी, आणि साबणाने हात धुतल्यावाचून पाणी, तंबाखू काही तोंडाला लावू नये. चक्कर, मळमळ, धूसर दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास माणसाला शेतातून बाहेर आणून कपडे काढावे, अंग धुवावे, आणि दवाखान्यात नेताना औषधाचा डबाही बरोबर न्यावा. कोणते विष आहे हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.