मेकॅनिकल कीबोर्ड: खटखटीपलीकडचं

मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे रंगीत दिवे आणि खटखट, असा एक पक्का समज आहे. दिव्यांचा तर काहीच संबंध नाही. रबराच्या घुमट्यांवर चालणाऱ्या साध्या कीबोर्डातही ते बसवतात आणि खोक्यावर ‘मेकॅनिकल फील’ असं छापून मोकळे होतात. ‘फील’ हा शब्द दिसला की सावध व्हावं. पाहायचं ते एवढंच, की प्रत्येक कीखाली स्वतःचा सुटा स्विच आहे की नाही.

हा स्विच उघडून बघण्यासारखा असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीचा एमएक्स घ्या, कारण आजचे बहुतेक स्विच त्याच्याच वळणावर गेले आहेत. प्लास्टिकचं वरचं-खालचं घर, मध्ये सरकणारा दांडा म्हणजे स्टेम, त्याखाली स्प्रिंग आणि एका बाजूला धातूच्या दोन पातळ पट्ट्या. स्टेमचा पाय या पट्ट्यांना एकमेकींपासून लांब धरतो. की साधारण २ मिलिमीटर खाली गेली की पाय बाजूला होतो, पट्ट्या टेकतात आणि अक्षर उमटतं. की मात्र एकूण ४ मिलिमीटर खाली जाते. म्हणजे तळापर्यंत दाबलंच पाहिजे, हा समज रबरी कीबोर्डाच्या सवयीतून आलेला. बोटं मात्र ही सवय लवकर सोडत नाहीत.

आवाजाचं गणितही या पायातच आहे. पाय गुळगुळीत असला तर लिनियर, म्हणजे चेरीचा रेड. पायावर उंचवटा असला तर बोटाला मध्येच हलकी अडचण जाणवते. तो टॅक्टाइल, म्हणजे ब्राउन. ब्लूमध्ये स्टेम दोन तुकड्यांचा असतो आणि खालचा तुकडा झटक्यात सुटून आपटतो, तीच ती टक्. तो क्लिकी. थोडक्यात, मुद्दाम केलेला आवाज फक्त क्लिकी स्विचचा. बाकीच्यांत ऐकू येतं ते की तळाला आणि परत वर आदळल्याचं. आणि सगळ्यात कर्कश खडखड बहुधा स्विचची नसतेच! स्पेसबार, एंटर, शिफ्ट या लांब की तिरक्या होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली तारेचे स्टॅबिलायझर असतात, ते कोरडे असले की वाजतात. अशा वेळी स्विच बदलण्याआधी तारेच्या टोकांना जरासं ग्रीस लावून बघावं.

‘रेड गेमिंगसाठी, ब्लू टायपिंगसाठी’ हे दुकानदाराचं वाक्य. रंग ही चेरीची स्वतःची खूण आहे. इतर कंपन्यांनी ती सोयीपुरती उचलली. चेरीचा क्लिअर टॅक्टाइल आहे, गेटरॉन कंपनीचा क्लिअर लिनियर. तेव्हा रंग नव्हे, प्रकार आणि किती जोर लागतो ते वाचा. रेडला सुमारे ४५ सेंटिन्यूटन लागतात, ब्लॅकला ६०. दोन्ही लिनियरच, पण दिवसभर टाइप करणाऱ्याला फरक कळतो.

साध्या कीबोर्डात रबरी घुमट्यांखाली असतो तो मेम्ब्रेनचा पडदा म्हणजे टाकाऊ, हेही सरसकट खरं नाही. १९८५ च्या सुमाराचा आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड, ज्याची तारीफ करताना जुने लोक थकत नाहीत, त्यात स्प्रिंग वाकून टक् करते खरी, पण खाली मेम्ब्रेनच आहे. जपानच्या टोप्रे कंपनीच्या कीबोर्डात तर रबरी घुमट्या आहेत, आणि किंमत चांगली सणसणीत.

हॉट-स्वॅप असेल तर स्विच सोल्डर न करता उपसून बदलता येतात, पण कुठलेही नव्हे. एमएक्स पद्धतीच्या सॉकेटमध्ये लो-प्रोफाइल स्विच बसत नाहीत. पाच पायांचा स्विच तीन पायांच्या बोर्डात घालायचा तर त्याचे दोन प्लास्टिकचे पाय कापावे लागतात, नेलकटर पुरतो.

राहता राहिला हमखास येणारा प्रश्न: यावर मराठी टाइप होतं का? कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. कुठली की दाबली एवढंच कळवतो. संगणकावर इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा लेआउट निवडलेला असेल तर ‘के’ची की दाबल्यावर ‘क’ उमटतो, शिफ्टसकट ‘ख’. हा निर्णय संगणकाचा. की-कॅपवर देवनागरी छापलेली नसली तर स्टिकर चिकटवा, किंवा ‘डी’वर हलन्त आहे हे बोटांना पाठ करू द्या.